टाचेचा गिअर

“भाऊ, पाय उचलूच नका. टाच टेकवा आणि मांडीनं दाबा,” गफूर मिस्त्री म्हणाला.

लोणावळ्यातल्या त्याच्या गॅरेजात, स्टँडवर लावलेल्या अठ्ठ्याहत्तर सालच्या बुलेटवर कोंडाजी बसले होते. कुरवंड्याहून मुलानं, सत्यमनं, त्यांना जीपमधून आणून सोडलं होतं. नवऱ्याला धरायला नंदाबाई सोबत होत्या. अर्धांगवायूनंतर कोंडाजींचा उजवा चवडा वर उचलला जात नव्हता, आणि जुन्या बुलेटचा गिअर नेमका उजवीकडे. पहिला टाकायचा तर तो चवड्यानंच उचलावा लागे. सत्यमनं गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. एका हॉटेलाला ती दारात शोभेला उभी करायची होती. रविवारपर्यंत बापाला चालवता आली तर राहील, नाहीतर जाईल, असं ठरलं होतं. आज रविवार होता.

गफूरनं गिअरला मागच्या बाजूनं एक पट्टी वेल्ड केली होती. टाचेनं ती दाबली की पुढचं टोक वर जाई. खात्री करायला त्यानं स्वतःचा घोटा ट्यूबच्या पट्टीनं फळीला बांधून दोन दिवस गाडी वलवणपर्यंत फिरवली होती. बघणाऱ्यांना वाटलं, मिस्त्रीचाच पाय मोडला.

गफूर मागचं चाक हातानं फिरवत राहिला. कोंडाजींनी टाच दाबली आणि पहिला पडला. मग चवडा खाली दाबत दुसरा, तिसरा.

“पडतोय की,” ते म्हणाले.

“आता न्यूट्रल करा आणि मारा किक,” गफूर बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. किकही उजवीकडेच होती. फिरवताना तो आधी किक मारायचा आणि मग पाय बांधायचा.

कोंडाजींनी तरीही मारून पाहिली. पाय दोनदा घसरला. डाव्यानं मारायची तर उजव्यावर उभं राहायला हवं.

“धक्का देऊ का, भाऊ?”

“धक्क्यावर न्हाई न्यायची मला. त्यापरीस जाऊ दे हाटेलात.”

नंदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. “मीटरचा काटा मधी आल्याबिगर किक मारायची न्हाई, व्हय ना?”

“तुला कुनी सांगितलं?”

“चाळीस वर्सं बाजूला हुबी राहून बघतीय.”

त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, किक हळूहळू दाबत काटा मधे आणला आणि डाव्या पायानं जोरात मारली. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. कोंडाजींनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

गफूरनं गाडी स्टँडवरून उतरवून दिली. बायको नीट बसायच्या आतच गाडी हलवायची, ही कोंडाजींची जन्माची सवय. आज ते क्लच धरून थांबले. तिनं चपला घातल्या, पिशवी घेतली, मागं बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बसलीस?” त्यांनी विचारलं.

“बसले. चला.”

त्यांनी टाच दाबली.