कोयते

भगवंतराव यशवंतपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग्ज काढत आले. कागदावर लोखंड खूप काढलं, हातात कधी धरलं नाही, ही रुखरुख होती. निवृत्त झाल्यावर ते आणि संयोगिताबाई देवनहळ्ळीजवळच्या आपल्या प्लॉटवर बांधलेल्या घरात राहायला आले, आणि महिन्याभरात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोळशाची भट्टी पेटली. ऐरण जुन्या बाजारातली, लोखंड म्हणजे लॉरीच्या स्प्रिंगचे मोडके पाटे.

सुरुवातीला खुंट्या झाल्या, उलथनी झाली. मग शेजारच्या यल्लव्वासाठी एक विळा. यल्लव्वा अथणीची, लग्न होऊन इकडे आलेली, आता एकटी. तिची पपनसांची बाग कुंपणापलीकडेच होती. चारी बाजूंनी घरांच्या प्लॉटचे लेआउट पडले होते, मधे तेवढाच हिरवा तुकडा उरलेला. लेआउटवाल्यांना ती विकत नव्हती.

"छान कापतोय बघा अण्णा," विळा वापरून ती म्हणाली. त्या दिवशी भगवंतरावांनी जेवताना दोनदा तेच सांगितलं.

महांतेश आला तो पांढऱ्या गाडीतून. पलीकडच्या नव्या लेआउटचं काम बघायचा. शिकायला बेळगावला होता, मराठी स्वच्छ बोलायचा. शेडमध्ये उभा राहून त्याने प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली. भगवंतरावांच्या कामाकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, कोयते कराल? आमच्या साइटवर काटेरी झुडपं फार आहेत."

"करीन की."

"मूठ लांब ठेवा. दोन्ही हातांनी धरता आली पाहिजे. आणि तुमची ती खूण घाला हं, पात्यावर." भगवंतराव आपल्या कामावर छोटा 'भ' ठोकत असत.

संध्याकाळी संयोगिताबाई चहा घेऊन शेडमध्ये आल्या. पाती भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेली होती. त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"अहो, त्यांच्याकडे जेसीबी आहे. झुडपं कोयत्यानं कशाला तोडतील?"

"कोपऱ्यात जेसीबी जात नसेल."

"एवढे कोपरे?"

भगवंतराव पात्यांवर फडकं फिरवू लागले. तापलेल्या पात्यांना पाणी देऊन कडक करणं नीट जमलं होतं आणि त्यांना ते काम कुणाच्या तरी हातात गेलेलं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी महांतेशची माणसं येऊन कोयते घेऊन गेली. त्यातल्या एकाने निघताना अंगठ्याने धार पाहिली आणि हसला.

त्यानंतरच्या आठवड्यात ते दोघे मुलीकडे महादेवपुऱ्याला मुक्कामाला गेले होते. सकाळी परतले तेव्हा कुंपणापलीकडे आकाश जास्तच दिसत होतं. पपनसाची झाडं कमरेच्या उंचीवर तोडून आडवी पाडलेली. कच्ची फळं चिखलात. यल्लव्वाचा कुत्रा विहिरीजवळ पडला होता, त्याच्यावर तिने गोणपाट टाकलं होतं.

ती फाटकाशी आली. हातात कोयता होता.

"बुंध्यातच ठेवून गेले, अण्णा. ही खूण तुमची ना?"

"माझीच," भगवंतराव म्हणाले. संयोगिताबाईंनी तिला आत घेतलं.

दुपारी महांतेश आला. चपला बाहेर काढून शेडमध्ये शिरला.

"काका, काम एक नंबर. आता थोडे अजून हवेत. या वेळी टोक जरा पुढे काढा."

"मी करणार नाही."

"सरी, ठीक आहे," तो शांतपणे म्हणाला. "जबरदस्ती थोडीच आहे? फक्त त्या बागवाल्या अक्कांना सांगा, पोलिसांत जाणार असतील तर कोयता सोबत न्या म्हणावं. खूण कुणाची, ते तिथे विचारतीलच."

तो गेल्यावर भगवंतरावांनी भट्टीवर पाणी ओतलं. वाफेने शेड भरली, डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी कपडे बदलले, कोयता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि यल्लव्वाला म्हणाले, "चला. तुम्ही बागेचं सांगा, कोयत्याचं मी सांगतो."

ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि भगवंतरावांना बाजूला नेलं. "सर, तुम्ही शिकलेले आहात. हे लिहून दिलंत तर पहिलं नाव तुमचं येतं. तो माणूस तर म्हणेल, मी ओळखतच नाही."

"येऊ दे. लिहा."

त्यांच्या सांगण्यातून महांतेशचं नाव, गाडी, मुठीची लांबी, काहीच सुटलं नाही. ते सही करून बाहेर आले तेव्हा यल्लव्वा पायरीवर बसली होती. ती उठून त्यांच्यासोबत बसस्टॉपकडे चालू लागली.

त्या दिवसापासून यल्लव्वा त्यांच्याच घरी झोपू लागली. ठाण्यावरून कुणी चौकशीला आलं नाही. महांतेशही आला नाही. पण दुपार झाली की समोरच्या रस्त्यावर ती पांढरी गाडी येऊन थांबे, काचा वर, इंजिन चालू. कुणी उतरत नसे. दोन्ही बायका खिडकीपासून लांब बसून शेंगा सोलत आणि एकमेकींशी हळू आवाजात बोलत.

शेवटी एका दुपारी भगवंतराव फाटक उघडून गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आत एक अनोळखी पोरगेला माणूस, अगदी अदबीने बोलणारा.

"नमस्कार अंकल. महांतेशण्णांनी विचारलंय, घरी अक्का बऱ्या आहेत ना?"

"कुठल्या अक्का?"

त्याने त्यांच्या खांद्यावरून घराकडे पाहिलं.

"दोघीही," तो म्हणाला, आणि काच हळूहळू वर गेली.