लिहिताना चुकलं तर

"आता," चंपतराव म्हणाले.

त्यांचा उजवा तळवा यंत्राच्या झाकणावर सपाट टेकलेला होता आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती. क्षणभर काहीच झालं नाही. भर मे महिन्यात अंगावर शाल लपेटून बसलेल्या ऑपरेटर कुसुमताईंनी मान वर केली. तेवढ्यात तीन नंबरच्या यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा. मग विझला.

"पन्नास सेकंदानं पुन्हा येते पाहा, साहेब."

केंद्राचे प्रमुख मनोहरराव दाराशीच उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एकावन्नाव्या सेकंदाला दिवा पुन्हा लुकलुकला.

"चंपतराव, तुम्ही ज्योतिषाचं दुकान का काढत नाही?" असं म्हणून ते हसले. कुसुमताई हसल्या नाहीत. गेला आठवडाभर त्या हे रोज पाहत होत्या.

सन एकोणीसशे ब्याऐंशी. नागपुरात सदर भागातल्या वैनगंगा संगणक केंद्रात चंपतराव देखभालीचं काम पाहत. त्याआधीची एकोणीस वर्षं त्यांनी कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात घालवली होती. तिथल्या गोंगाटात कानांचा उपयोग नव्हता, म्हणून ते मागाच्या लाकडावर हात ठेवून दुखणं ओळखत. पुढे गिरणीत कपात झाली आणि कोणाच्या तरी ओळखीने ते या थंडगार खोलीत आले. वातानुकूलन, वीज, पंखे, यंत्रांची सफाई एवढंच त्यांचं काम. संगणकाची खरी दुरुस्ती करायला मुंबईहून इंजिनिअर येई.

माहिती साठवणारी यंत्रं चार होती, कपडे धुण्याच्या यंत्राएवढी. प्रत्येकात ताटांसारख्या तबकड्यांची चळत मिनिटाला हजारो फेरे घेत फिरे. तबकडीवर केसापेक्षाही बारीक गोल रेघांमध्ये माहिती लिहिलेली असे, आणि ती वाचणारं-लिहिणारं एक चिमुकलं हेड तबकडीला न टेकता, पण जेमतेम अंतरावर तरंगत नेमक्या रेघेवर येऊन थांबे. हे त्यांना पहिल्याच वर्षी त्या मुंबईच्या इंजिनिअरने सांगितलं होतं. चंपतरावांना ते लगेच पटलं. मागावर आडवं सूत नेणारा धोटाही असाच आपल्या वाटेवरून जायचा, आणि वाट हलली की सूत तुटायचं.

इथे वाट कशानं हलते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. खोली थंड ठेवणारे दोन कॉम्प्रेसर खालच्या मजल्यावर होते. एरवी एकच चाले. बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर गेला की दुसरा थोडा वेळ आपोआप सुरू होई. दोघांचा वेग जवळजवळ सारखा, पण अगदी सारखा नाही. म्हणून त्यांची थरथर कधी एकमेकींत विरून जाई, तर कधी एकत्र येऊन दुप्पट होई. दर पन्नास सेकंदांनी फरशी असा एक श्वास घेई, आणि खिडकीजवळच्या तीन नंबरच्या यंत्राचं हेड त्या श्वासात रेघेवरून घसरे.

त्यांनी शंभरपानी वही केली होती. सकाळी दहाचा पारा पाहून त्या दिवशी किती चुका होतील, म्हणजे किती वेळा दिवा लागेल, याचा अंदाज ते लिहीत आणि संध्याकाळी त्याच्या शेजारी खरा आकडा. अंदाज सतरा, झाल्या एकोणीस. अंदाज चोवीस, झाल्या तेवीस.

"बरं, दिवा लागतो," मनोहरराव म्हणाले. "पण यंत्र पुन्हा वाचतं ना? दुसऱ्या वेळी बरोबर वाचतं. मग बिघडलं कुठे?"

"वाचताना चुकलं तं यंत्र पुन्हा वाचते, साहेब. पण लिहिताना चुकलं तं? ते तं शेजारच्या रेघेवर जाऊन लिहीन. कोणाले समजणार?"

"मुंबईचा माणूस मागच्याच महिन्यात तपासून गेला. सगळं ठीक आहे म्हणाला."

"तो एप्रिलच्या पयल्या आठवड्यात आला होता जी. तवा दुसरा कॉम्प्रेसर चालूच नव्हता."

मनोहरराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर एका परीक्षा मंडळाच्या निकालाचं काम होतं, तारीख ठरलेली होती, आणि सकाळची पाळी दुसऱ्या ग्राहकांना दिलेली होती. चंपतरावांनी रीतसर चिठ्ठी दिली : निकालाचं काम सकाळी अकराच्या आत करावं, किंवा दुपारी तीन नंबरचं यंत्र वापरू नये. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत आली. कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'पाहिले'.

चोवीस मेला पारा शेहेचाळीसवर गेला. चंपतरावांनी वहीत अंदाज लिहिला : एकतीस. दुपारी दोनला कुसुमताईंनी मंडळाच्या कार्डांवरचे गुण उतरवून घ्यायला तबकड्यांची चळत तीन नंबरमध्ये चढवली.

"ताई, आज नोका करू," ते म्हणाले.

"माझ्या हातात आहे का, चंपतराव? साहेबांना विचारून या."

ते विचारून आले. साहेबांनी फोनवर हात ठेवून एवढंच सांगितलं, "यंत्राला हात लावायचा नाही. हा हुकूम समजा."

तीन वाजून दहा मिनिटांनी फरशीने श्वास घ्यायला सुरुवात केली. चंपतराव यंत्राशी उभे राहिले. थांबवायचं बटण वीतभर अंतरावर होतं. ते दाबलं असतं तर दुपारभराचं काम फुकट गेलं असतं, निकाल एक दिवस लांबला असता, आणि त्यांची नोकरी बहुधा गेली असती. त्यांचं बोट बटणापर्यंत गेलं. पन्नास सेकंद गेले. आणखी पन्नास. मग त्यांनी हात मागे घेतला, बाहेर व्हरांड्यात जाऊन माठातलं दोन पेले पाणी प्यायले आणि यंत्र थांबेपर्यंत आत आले नाहीत. खबरदारीची दुसरी प्रतही त्याच दुपारी, त्याच यंत्रावर निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली गार होती, हेड आपल्या रेघेवर नेमकं उभं राहत होतं, आणि रेघेवर जे हवं होतं ते नव्हतं. दोनशे चौदा मुलांचे गुण वाचता येईनात. प्रतही तशीच. गुणांची छिद्रं पाडलेली कार्डं काम संपताच मंडळाकडे परत गेली होती. ती हुडकून पुन्हा सगळं करायला महिना लागणार होता. मंडळाने थांबायला नकार दिला. ठरलेल्या दिवशी निकाल लागला आणि त्या दोनशे चौदा नंबरांपुढे छापून आलं : राखून ठेवला.

चौकशी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. तीन माणसं टेबलामागे बसली होती. मनोहरराव त्यांच्या शेजारी. टेबलावर चंपतरावांची वही होती.

"ही तुमचीच?"

"हो जी."

"चोवीस तारखेला तुम्ही एकतीस लिहिलंय. म्हणजे चुका होणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणूनच तं सांगतलं, साहेब. चिठ्ठी देल्ली."

"चिठ्ठी आम्ही पाहिली. प्रश्न वेगळा आहे. देखभाल तुमच्याकडे. धोका ठाऊक होता. तुम्ही यंत्राजवळ उभे होता असं ऑपरेटरबाई सांगतात. मग बंद का केलं नाही?"

चंपतरावांनी मनोहररावांकडे पाहिलं. मनोहरराव पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत होते.

हुकूम होता, असं चंपतराव सांगू शकले असते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचं बोट आलं, बटणाजवळ थांबलेलं. "चुकलं माह्यं," ते म्हणाले. तेवढंच लिहून घेतलं गेलं.

बाहेर व्हरांड्यात मनोहररावांनी त्यांना गाठलं. "मला खरंच समजलं नव्हतं हो, चंपतराव." त्यांचा आवाज खरा होता. पण आत ते काही बोलले नव्हते, आणि आता ऐकायला कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात केंद्राच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. रंभाबाई, भिवापूरची. हातात मुलीचं परीक्षेचं ओळखपत्र. मंडळाच्या कचेरीतून कोणीतरी तिला, 'मशीन तिकडे आहे' असं सांगून इकडे पाठवलं होतं. चौकीदार तिला आत सोडेना. चंपतराव दुरुस्तीची पेटी घेऊन बाहेर पडत होते. तेच थांबले.

"माह्या देवकीचा निकाल मशीननं ठेवून घेतला म्हणतेत," ती म्हणाली. "काहून जी? तिनं काय केलं?"

"तिनं काई नाई केलं, बाई. मशीन चुकली."

"गावात म्हणतेत, नकल करताना सापडली. नकलवाल्याईचाच राखून ठेवतेत न? पोरगी दारात येत नाई, जी. नर्सच्या ट्रेनिंगचा फारम भरला हाय. पंधरा तारखेपावतर निकाल पाह्यजे. परवाच हाय पंधरा."

चंपतराव तिला घेऊन मनोहररावांकडे गेले, मनोहररावांनी मंडळाला फोन लावला, मंडळाने लेखी अर्ज मागितला. चंपतरावांनी तो स्वतःच्या हातानं लिहून दिला. पंधरा तारीख गेली.

घरी त्यांच्या बायकोने, गोपिकाबाईंनी, जेवताना विचारलं, "तुमी कोणाचं नाव घेऊन राहिले झोपेत? देवकी देवकी करता."

"पोरगी हाय एक."

"आपली कोणी?"

"नाई वं."

तीस जूनला त्यांना कमी केल्याचं पत्र मिळालं. जुलैच्या तीन तारखेला ते आपली पेटी आणायला गेले, तेव्हा कुसुमताईंनी एक कागद त्यांच्या हातात दिला. छापयंत्रातला, दोन्ही कडांना भोकं असलेला रुंद कागद, देवकीच्या गुणांचा. राखून ठेवलेले निकाल त्या सकाळीच निघाले होते. मंडळातून शाळेत जायला आणखी आठवडा लागणार होता.

"तुमच्याकडे राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला आणखी काही करता येत नाही."

ते घरी गेले नाहीत. उमरेडवरून जाणारी भिवापूरची बस त्यांनी तिथूनच धरली.

रंभाबाई घरी नव्हती. शेजारणीने पोरगी सातऱ्यावर असल्याचं सांगितलं. पावसामुळे मिरचीचा सातरा, म्हणजे देठ खुडायची जागा, उघड्यावरून गोदामात आला होता. पत्र्याखाली लाल ढीग, आणि ढिगांभोवती तोंडाला फडकी बांधून बसलेल्या वीस-पंचवीस बाया मिरच्यांचे देठ खुडत होत्या. आत पाऊल टाकताच चंपतरावांना ठसका लागला.

"देवकी कोण हाय?"

मधल्या ढिगाजवळची एक मुलगी उठली. कृश, उंच. फडक्यावर फक्त डोळे दिसत होते.

"मी संगणकावून आलो, बाई. तुझा निकाल आणला."

तिने पुढे केलेला हात मध्येच थांबवला. बोटं लालभडक झाली होती, नखांच्या कडा फुटल्या होत्या. "माह्ये हात तिखट हायेत," ती म्हणाली. "तुमीच वाचा."

चंपतरावांनी चष्मा लावला. "मराठी, चौसष्ट. हिंदी, सत्तर." त्यांना थांबून खोकावं लागलं. "इंग्रजी, अठ्ठावन्न. गणित, एक्क्याऐंशी. विज्ञान, अठ्ठ्याहत्तर." आसपासच्या बायांचे हात थांबले होते. "पयला वर्ग," ते म्हणाले.

"मी नकल केली नोती," देवकी म्हणाली. त्यांना नव्हे, गोदामाला. मग एक म्हातारी "बरं झालं वं" म्हणाली आणि पुन्हा मिरची उचलली. एकेक करून बाकीचे हातही चालू झाले.

"पुढच्या साली ट्रेनिंगचा अर्ज करता येते," चंपतराव म्हणाले. "मी येतो संगं. कुठी जा लागते, सगळं सांगतो."

"मामानं सोयरीक केली, काका. दिवाळीनंतर लगन हाय. पोराकडच्याईनं निकालाचं काई विचारलं नाई, म्हणून मायनं हो म्हटलं."

मशीन चुकली, एवढं चंपतरावांनी तिच्या आईला सांगितलंच होतं. आपण तिथे उभे होतो, हात लांब केला असता तर पुरला असता, हे सांगायला ते आले होते. त्यांनी तोंड उघडलं. "मी त्या दिवशी मशीनपाशीच होतो, बाई," ते म्हणाले. "बंद करता आली असती."

देवकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला ते समजलं की नाही, कळलं नाही. मुकादमाने पलीकडून हाक मारली तशी ती खाली बसली आणि पायाशी ढीग ओढून घेतला. चंपतरावांनी कागदाची घडी करून तिच्या पदराच्या टोकाशी, कोरड्या जागेवर ठेवली आणि ते दाराकडे वळले.

"काका."

ते थांबले. ती मान खाली घालून खुडत होती. देठ एकीकडे, मिरची दुसरीकडे.

"गणितात किती म्हणले?"

"एक्क्याऐंशी."

तिचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळानं तिने तो आकडा फडक्याआडून स्वतःशीच उच्चारला आणि पुढची मिरची उचलली.