अनवाणी हजेरी

मी ज्योत्स्नाची चप्पल. डावी-उजवी मिळून आमचा जीव एकच, म्हणून एकटीच बोलते.

तेल्हाऱ्याच्या बाजारात तिच्या वडिलांनी, जानरावांनी, मला वाकवून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला. "टिकन ना? अमरावतीले शिकाले चालली पोरगी."

"पदवी घेईस्तोवर झिजत नाही," दुकानदार म्हणाला. माझ्यापुरतं तो खरं बोलला. मी अजून झिजलेली नाही.

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात नियमावली भिंतीवर टांगलेली. संध्याकाळी सातला सभागृहात हजेरी, चपला बाहेर, एका रांगेत. रेक्टर शकुन मॅडम नावं घेत नसत. "पोरी चुळबुळ करतात, चपला करत नाहीत," म्हणत बाहेरच जोड मोजत. कुठला कुणाचा, त्यांना पाठ होतं.

मुलींनाही हे पाठ होतं. फिरायला जायचं तर आपला जोड रांगेत ठेवायचा आणि मैत्रिणीचा जास्तीचा घालून सटकायचं. शिस्त अगदी पूर्ण पाळली जाई.

एकदा ज्योत्स्ना दुपारची झोपली असताना तिच्या खोलीतल्या प्राजक्तानं आपला जोड रांगेसाठी मागे ठेवला, मला पायात घातलं आणि चिखलदऱ्याला गेली. तिला वाटलं, हिच्याकडे दुसरी असेलच. ज्योत्स्नाकडे दुसरी नव्हती.

ती अनवाणीच हजेरीला जाऊन बसली. बाहेर एक जोड कमी भरला.

"मॅडम, मी आतच होती."

"मागच्या दारानं आत्ता आलीस. पायांचा आवाज नको म्हणून अनवाणी."

प्राजक्ता अंधारात परतली, मला खाटेखाली सरकवून झोपली. सकाळी झडती झाली. माझ्या तळाला घाटातली तांबूस माती होती.

शिस्तपालन समितीसमोर मला टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. एक सर म्हणाले, "चप्पल तुझीच ना? मग पाय कुणाचे होते?"

ज्योत्स्नानं खिडकीबाहेर पाहिलं. तिथे प्राजक्ता उभी होती. ज्योत्स्नानं तिचं नाव घेतलं नाही. इतर मुलींनीही नाही; एकीचं तोंड उघडलं की सगळ्यांच्या चपला बोलू लागल्या असत्या.

गावाहून बोलावून घेतलेले जानराव तेवढे म्हणाले, "मॅडम, तुमी पोरी मोजता का चपला? तिच्यापाशी हा एकच जोड हाय. चप्पल गेली असन चिखलदऱ्याले, पोरगी काहून गेली म्हन्ता?"

वसतिगृहातून नाव कापलं गेलं. तेल्हाऱ्याहून रोज येणं शक्य नव्हतं आणि शहरात खोली परवडणारी नव्हती. शिक्षण तिथेच थांबलं.

निघताना तिनं मला नियमाप्रमाणे रांगेत नीट लावलं.

"घाल ना पायात," जानराव म्हणाले.

"राहू द्या बाबा. इथं चपलेचीच हजेरी लागते."

तापलेल्या अंगणातून ती अनवाणी गेली.

तेव्हापासून रोज एक जोड जास्त भरतो. मॅडम पुन्हा मोजतात, माझ्यापाशी आल्या की बोट थबकतं. त्यांनी मला अडगळीत टाकायला लावलं. दुसऱ्या संध्याकाळी मी रांगेत. कचऱ्यात टाकलं, पुन्हा रांगेत. नव्या मुली माझ्या शेजारी चपला काढत नाहीत. म्हणतात, ती स्वतःच चालत येते.

मी चालत नाही. मला आणणारे हात मी ओळखते. त्यांनीच मला त्या रात्री खाटेखाली सरकवलं होतं.

प्राजक्ता, मला रांगेत ठेवून काही होणार नाही गं. एकदा मॅडमच्या टेबलावर ठेव, आणि पाय कुणाचे होते ते सांग. तेल्हाऱ्यात एक पोरगी अजून वाट पाहते.

तोवर रोज सातला मी हजर आहे. मॅडम मोजतात, मी भरते. पाय तेवढे नसतात.