टाकीआडचा सिग्नल

माझा धंदा मिक्सर, कुकर आणि चपलांचे फोटो काढण्याचा. त्यामुळे वडिलांनी मागच्या खोलीतल्या खेळण्यातल्या रेल्वेचा फोटो मागितला, तेव्हा मी म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे." बोलणाऱ्याचं काय जातं! दुपार झाली तरी आम्ही तिथेच.

खेळणं म्हटलेलं त्यांना मुळीच चालत नाही. सहा वर्षं राबून, जुने नकाशे मिळवून त्यांनी ते स्टेशन उभं केलं होतं, बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या एका दुपारचं. वडील तेव्हा इंजिन ड्रायव्हर होते आणि इंजिनात कोळसा टाकणारा त्यांचा फायरमन म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ. गाडी लाल सिग्नल ओलांडून उभ्या मालगाडीवर आदळली. वडील वाचले, मामा गेला. सिग्नल पाण्याच्या टाकीआड होता, दिसलाच नाही, असं वडिलांनी चौकशीत सांगितलं. सगळं खापर टाकीवर फुटलं आणि टाकी पाडली गेली. तेवढ्या एका वाक्याच्या भरवशावर आईने त्यांच्याबरोबर संसार केला.

"फोटो खरा वाटला पाहिजे," वडील म्हणाले. "ड्रायव्हरला दिसायचं तसा. रुळापासून दीड इंच वर." कॅमेऱ्याच्या जागेवर त्यांनी पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून ठेवली होती.

खरं वाटायला लबाडी फार करावी लागते. धुराड्यावर कापूस पिंजून लावला. ब्रशने धूळ झटकली, कारण इतक्या जवळून धुळीचा कणही धोंड्याएवढा दिसतो. दिवा खाली आणून अपघाताच्या वेळचं, सव्वाचारचं ऊन पाडलं. आई पांढरा पुठ्ठा धरून सावल्यांवर उजेड टाकत होती.

मग स्क्रीनवर पाहिलं. टाकीच्या शेजारी, मोकळ्या आभाळावर, सिग्नलचा लाल हात आडवा, म्हणजे थांब. चांगला ढळढळीत.

आईचं लक्ष जायच्या आत मी कॅमेरा बोटभर सरकवला. सिग्नल टाकीमागे गेला. म्हातारपणी माप चुकलं असेल, आपण झाकावं, असं मला वाटलं.

"हलवलास तू," वडील म्हणाले. "फुलीवर आण."

"बाबा, असाच चांगला येतोय."

"फुलीवर आण म्हणतो ना! तीनदा मोजलंय मी. आणि तिला दाखव."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. माप चुकलं नव्हतं. जे तोंडाने सांगवत नव्हतं ते हा माणूस सहा वर्षं पुठ्ठ्यातून आणि लाकडातून कापत बसला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. निदान मला तरी मध्ये घ्यायचं नव्हतं. तरी मी कॅमेरा फुलीवर आणला.

आईने पुठ्ठा ठेवला, वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"इतका स्पष्ट?"

"हो," वडील म्हणाले.

"मग दादालाही दिसला असेल."

वडील खुर्चीत बसले. "दिसला. ओरडला तो. मी म्हणालो, तू आपला कोळसा टाक, गाडी मी चालवतो."

आईने पुठ्ठा उचलून पुन्हा पहिल्या जागी धरला. पुठ्ठ्याबरोबर स्टेशनातल्या सावल्या हलल्या.

"काढ," ती मला म्हणाली. "मोठा काढ. यांच्या पलंगासमोर लावायचाय."