पंचगंगेचं पाणी आणि परकं शहाळं

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे आणि मी नऊ दिवस समुद्रावर होतो. मित्रांनो, यावर कोणी विश्वास ठेवत नाही. फळीवरची भांडी तर हसून हसून खाली पडतात. पण तुम्ही ऐका.

कोल्हापुरातल्या एका तांबटाने मला घडवले. माझे पितळ पन्हाळ्याच्या तोफेचे आहे, असे मीच सगळ्यांना सांगत असतो. आक्काताईने मला लग्नात सासरी आणले. तिचा एकच नियम: परगावचे पाणी बाधते. म्हणून मलकापूर असो की जोतिबा, माझ्यात घरचे पंचगंगेचे पाणी असायचे. ते संपत आले की घोटभर शिल्लक ठेवून वर परगावचे भरायचे. मग ते सगळेच घरचे होते, असे तिचे म्हणणे. म्हणजे कोणत्याही नळाची पंचगंगा मी करत असे! मला किती मान असेल, विचार करा.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या मे महिन्यात आक्काताईचे भाऊ, भाऊसो मास्तर, तिला समुद्र दाखवायला निघाले. ओळखीच्या तांडेलाचा कौलांनी भरलेला मचवा, म्हणजे शिडाचे गलबत, बंदरे घेत घेत जाणार होता. सहाव्या दिवशी सुरंगीबंदर नावाचे चिमुकले गाव लागले. कौले उतरवेपर्यंत आम्ही गाव बघायला निघालो. एकच बाजारपेठ, पोस्टाच्या कठड्यावरसुद्धा वाळत घातलेली जाळी आणि जिकडेतिकडे मांजरे.

“भाऊ, हितं माणसांपरास मांजरं जास्त हायत की!” आक्काताई म्हणाली. माझ्या कडीत तिची बोटे होती. मी खुशीत होतो.

तेवढ्यात एक शहाळेवाली आडवी आली. “घे गो बाय, ग्वाड आसा.”

“नगं बाई. आमचं पाणी हाय,” आक्काताईने मला उंच धरून दाखवले. माझी छाती फुगली. पण ऊन मी म्हणत होते आणि भाऊसोंनी आग्रह केला. तिने एक घोट घेतला. मग डोळे मिटून दुसरा.

“अगं बया! ही तर साखर की!”

एक झाले, दुसरे झाले, तिसरेही झाले. मला मात्र तिने वाळूत ठेवले होते. काय होते हो त्या हिरव्या टकल्यात? त्याला ना फिरकी, ना कडी, ना कल्हई! एकदा प्यायले की फेकायची वस्तू! माझा नुसता जळफळाट झाला. त्यात चौथ्यातले उरलेले पाणी माझ्यात ओतायला ती निघाली. माझ्या पोटात सवत? मी फिरकी अशी आवळून धरली की आक्काताईला उघडेना. भाऊसोंनी धोतराचा सोगा गुंडाळून पिळली, तरी उघडेना.

शहाळेवाली म्हणाली, “माका दी तो तांबयो. चार शाळी घे.”

“देऊन टाक,” भाऊसो म्हणाले. “अडकलेला तांब्या काय पुजायचाय?”

माझे पितळ गार पडले. आक्काताई म्हणाली, “किनाऱ्यावर गेल्यावर बघू.” बाई शहाळी घेऊन मागोमाग आली. मचव्यापर्यंत नेणाऱ्या होडीत चढताना आक्काताईच्या एका हातात मी होतो आणि दुसऱ्यात बाईने नमुना म्हणून दिलेले, त्या चारांतले एक शहाळे. लाट आली, तोल गेला आणि आम्ही दोघेही पाण्यात!

मित्रांनो, ते शहाळे दगडासारखे बुडाले. आणि मी? मी लाटा कापत पोहलो, होडीला दोन फेऱ्या मारल्या आणि आपणहून तिच्या हातात गेलो. म्हणून सांगतो, आपल्या जुन्या भांड्याला कधी...

“ए, गप!” मला चिंच लावत बसलेली आक्काताई ओरडली. “पवलास व्हय रं तू? तळाला गेलतास! तरंगलं ते शहाळं. माझ्या हाताशीच व्हतं, जाऊ दिलं. कमरंइतक्या पाण्यात लुगडं भिजवून तुलाच चाचपत बसलो की मी!”