काकांच्या मनगटासाठी

ऑपरेशन थिएटरात हवा कशी फिरेल, हे आधी कॉम्प्युटरवर सोडवून पाहणारी तिची कंपनी. सिम्युलेशन संपलं की भलीमोठी फाइल हाती यायची आणि तिच्यातून ठरलेल्या जागांवरचा वेग नि दाब वेचून काढावा लागायचा. हे काम तिघांचं: ती, म्हातारपणाकडे झुकलेले काका आणि जिला सगळे बडबडी म्हणत ती. एकेका जागेवर क्लिक करायचं, आकडा उतरवायचा, पुढे सरकायचं. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू.

पुढे काकांचं मनगट दुखायला लागलं. बँडेज बांधून ते क्लिक करत. तिला बघवेना. म्हणून तिने फावल्या वेळात स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे ते आकडे आपोआप वेचणारा छोटासा प्रोग्राम. आठवडाभराचं काम चहा निवायच्या आत उरकायला लागलं.

"पोरी, जिंकलंस!" काका म्हणाले.

साहेबही खूश झाले, आणि त्यांनी काका नि बडबडी, दोघांनाही समोरच्या इमारतीत हलवलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. बडबडीने तर पुढे नोकरीच बदलली.

आता खोलीत ती आणि कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. कधीकधी ती स्क्रिप्टलाच म्हणायची, "आवर गं बाई लवकर," आणि स्वतःच्याच आवाजाने दचकायची.

एके दुपारी एका जागी वेग शून्य आला. आलेख इतका देखणा होता की ती पाठवणारच होती. पण रोग्याच्या अगदी उशाशी वारा मेला कसा? काका करायचे तसं तिने थिएटरचं त्रिमितीय चित्र स्क्रीनवर उघडून हाताने सगळीकडून फिरवून पाहिलं. नव्या आराखड्यात टेबल उंच केलं होतं आणि तिने नेमलेली जागा त्याच्या पोटात गेली होती. स्क्रिप्ट बिचारी सांगितल्या कामाची! तिने जागा वर सरकवली, आणि पुन्हा असं झालं तर स्क्रिप्टने थांबून ओरडावं अशी सोयही केली.

सापडलं खरं, पण सांगायचं कुणाला? ती तडक समोरच्या इमारतीत गेली. काका नव्या मंडळींत चहा पीत बसले होते.

"काका, जागा टेबलात घुसली होती!"

"कसली जागा गं?" मग त्यांना उमगलं. "हां हां! बरं झालं पकडलीस."

तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. "मनगट कसं आहे?"

"ठणठणीत. इथे माऊसला हात लागतोय कुठे!"

"माझ्यावर रागावलात का हो?"

"छे गं. तिकडे छान करमायचं." काकांनी कप खाली ठेवला. "आता इथेही करमतं."

"मी जेवायला इथे येत जाऊ?"

"विचारतेस काय? ये की."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली. काकांनी खुर्ची ओढून दिली. गप्पा तिला ठाऊक नसलेल्या माणसांच्या होत्या. सगळे हसले की तीही हसायची, जरा मागाहून.

परत आली तर साहेबांचा निरोप होता, अहवाल उत्तम झालाय. "ऐकलंत का," म्हणायला ती वळली, तर मागे दोन रिकाम्या खुर्च्या.

तिसऱ्या दिवशीही ती डबा घेऊन गेली.