मोठ्या सिस्टरांची फीत

"बघ, रोज लावतात. उगाच नाही." मोठ्या सिस्टरांच्या पांढऱ्या कोटावरची पिवळी फीत काढून बाजूला ठेवत थोरली म्हणाली, आणि तिने कोट धुवायला टाकला.

दवाखान्याच्या धुलाईखोलीत दोघी जावा कामाला होत्या. मध्यंतरी मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना फिती वाटल्या. ज्याच्या छातीवर फीत, त्याच्याशी गरिबाने, बाईमाणसाने बिनधास्त बोलावं, तो पाठीशी उभा राहील, असं सांगितलं. थोरलीने आपली फीत पदराआड जाणार नाही अशी बेताने लावली होती. हौस दांडगी!

धाकटी मात्र साबण आणायला भांडारात जायचं म्हटलं की पांढरीफटक पडायची. भांडारवाला दार लोटून घ्यायचा. थोरलीने फारच खोदून विचारलं, तेव्हा कुठे ती रडत बोलली.

"चल सिस्टरांकडे."

"नको ताई. आपलंच तोंड काळं होईल."

"अगं, मी आहे ना!"

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी भांडारवाल्याने चारचौघांत धाकटीचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि वर हसला. दुपारी निरोप आला, धाकटीने उद्यापासून कामावर येऊ नये.

थोरली तडक सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्ही त्यालाच सांगितलंत?"

"त्याची बाजू नको का ऐकायला? जुना माणूस आहे गं. बोभाटा झाला तर दवाखान्याचं नाव जाईल. तिच्याही भल्याचंच आहे हे." बोलता बोलता त्यांनी कोटावरची फीत नीट केली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, थोरलीच्या मनात आलं.

ती परतली तेव्हा धाकटी पिशवी भरत होती. पिशवीचा बंद तुटला होता.

"मीपण सोडते."

"आणि पोरांनी खायचं काय?" धाकटीची नजर थोरलीच्या फितीवर गेली. "मी आहे ना, म्हणाला होतात ताई."

थोरलीने आपली फीत काढली, कचऱ्यात टाकली आणि फितीच्या पिनेने पिशवीचा बंद जोडून दिला. धाकटी मागे न बघता गेली.

कपड्यांचा ढीग तसाच पडला होता. थोरलीने साबणाचा डबा उघडला. तळाशी जेमतेम मूठभर उरला होता. आता भांडारात तिलाच जायचं होतं.